अमेरिकेला कळवणारे वागळेकाका

वागळेकाका दुसऱ्याच्या खात्यावर कधीही सही करत नाहीत. आमच्या गणेशोत्सव मंडळाने एकदा त्यांना खजिनदार करायचं ठरवलं, तर ते प्रसाद न घेताच उठले. म्हणाले, "खातं मंडळाचं, पण सही माझी. म्हणजे मला अमेरिकेला कळवावं लागणार." तेव्हापासून इथे बहरीनच्या गुदैबिया भागात कुणी भिशी काढली, की कुणीतरी विचारतंच, "काय वागळे, अमेरिकेला कळवलंत का?" काकाही गंभीरपणे सांगतात, "अजून मुदत आहे."

काकांकडे ग्रीन कार्ड आहे. तरुणपणी ते तिकडे नोकरीला होते, आता बहरीनमध्ये अस्करच्या बाजूला एका कारखान्यात इंजिनियर आहेत. पण कार्ड असेपर्यंत माणूस जगात कुठेही राहो, त्याने आपली मिळकत आणि जिथे जिथे आपली सही चालते ती अमेरिकेबाहेरची खाती अमेरिकेला दरवर्षी कळवायची. कर शून्य निघाला तरी. सांगलीच्या बँकेतलं एक जुनं खातं, ज्यात व्याजाशिवाय काही हलत नाही, तेही काका कळवतात.

मी मंगळवेढ्याचा, घरातला पहिला पदवीधर. बहरीनला आलो तेव्हा काका-काकूंनी मला स्वतःच्या घरात ठेवून घेतलं. मुलाखतीला जाताना टायची गाठही काकांनीच मारून दिली. त्यामुळे त्यांचे हे कागद मी मनापासून जुळवून देतो. काकूंना मात्र त्या कागदांचा वीट आला होता. "तिकडे आता आपलं कोण आहे? द्या ते कार्ड परत," त्या म्हणत.

शिवाय ते कार्ड जिवंत ठेवायला काका दरवर्षी आठवडाभर अमेरिकेला जाऊन येतात. ना कुणाची भेट, ना खरेदी. साहेबाकडे हजेरी लावून आले, म्हणून आम्ही हसायचो.

यंदा तिकडच्या विमानतळावरच्या अधिकाऱ्याने त्यांना बजावलं, की राहायचं तर इथे राहा, नाहीतर कार्ड परत करा. पुढच्या खेपेला आत सोडतील असं नाही. काकूंनी मला बोलावून घेतलं. मी कार्ड परत करायचा अर्ज भरला, पाकिटावर पत्ता घातला. काकांना समजावलं, की पुढे कधी जावंसं वाटलं तर फिरायचा व्हिसा काढू. कटकट खलास.

काका पाकीट हातातून सोडेनात.

"व्हिसाच्या मुलाखतीत विचारतात, तिकडे तुमचं कोण आहे," ते म्हणाले. "मुलगी आहे म्हटलं, तर नाव विचारतील. बारसं व्हायच्या आधीच गेली रे ती. एवढ्याशा बाळाला आपल्यात जाळत नाहीत. तिथेच पुरली."

मी काकूंकडे पाहिलं. त्या खाली बघत होत्या.

"एकदा जाऊन येतो," काका म्हणाले. "मग टाक पोस्टात."

"आणि आत नाही सोडलं तर?" मी विचारलं.

काकू उठल्या. कपाटातून त्यांनी काकांचा जाड लोकरीचा कोट काढला, झटकला आणि गॅलरीतल्या उन्हात पसरून ठेवला.