पांढऱ्या पानाची पॅसेंजर

आमच्या शेजारचे शिवगणभाऊ रोज सकाळी अंगणात उभे राहून मोठ्याने ओरडतात, "पुढं सरका, पुढं सरका, मधी रग्गड जागा हाय." अंगणात माणूस एकही नसतो. असतात ती दह्याच्या रिकाम्या डब्यांत दाटीवाटीने उगवलेली लिलीची रोपं, गवताच्या पात्याएवढी. नवा कुरियरवाला एकदा फाटकात हे ऐकून थबकला आणि खरोखरच दोन पावलं पुढे सरकला.

भाऊंनी तीस वर्षं लाल गाडीवर कंडक्टरकी केली. निवृत्त झाल्यावर माणसं देवळाच्या कमिटीवर जातात, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालतात. भाऊंनी लिली धरली, आणि तीही कांदा लावून नव्हे, बियांपासून. कांद्याला वर्षभरात फूल येतं, बियाला तीन-चार वर्षं लागतात. मी तसं म्हटलं तर म्हणाले, "वयनी, थेट गाडीनं जाणाऱ्याला मधले थांबे दिसत नायत."

लिली फुलायला लागली की भाऊ आगकाडीला कापूस गुंडाळतात आणि या फुलातली पिवळी पूड त्या फुलाला लावत फिरतात. चेहरा असा की नुकत्याच दोन पत्रिका जुळवून आलेत. महिन्याभराने बोंड फुटतं. आतलं बी काळं, पातळ, करपलेल्या पापडाच्या तुकड्यांसारखं. ते पाण्यावर तरंगत ठेवायचं, तिथंच त्याला मोड येतो. त्यासाठी भाऊंनी घरातली परात उचलली ती कायमची. सुलभावहिनी तेव्हापासून भाकरीचं पीठ ताटात मळतात, आणि मळताना जे बोलतात ते छापण्यासारखं नाही.

रोपांना त्यांनी बसथांब्यांची नावं दिली आहेत. "हर्णे सडलं, पण दाभोळला दुसरं पान आलंय," असं ते फोनवर तळमळून सांगतात तेव्हा पलीकडच्याला काय वाटत असेल देव जाणे.

पाच वर्षांपूर्वी परातीत एक विचित्र प्रकार झाला. एवढ्या हिरव्या मोडांत तीन मोड पांढरेशुभ्र निघाले. माझा भाचा शेतीखात्यात आहे. तो म्हणाला, "काका, यांच्यात हिरवं नाही, म्हणजे यांना स्वतःचं अन्न करता येणार नाही. बियातली शिदोरी संपली की संपले. काढून टाका." भाऊ शांतपणे म्हणाले, "तिकीट दिलेला पॅसेंजर मी कदी वाटंत उतरवला नाय."

त्यांतल्या दोन लिल्या महिन्याभरातच गेल्या. तिसरीच्या पानावर मात्र सुतासारखी एक हिरवी रेघ होती. त्या रेघेवर भाऊंनी सगळा भरवसा टाकला. तिचं नाव ठेवलं देवरूख, कारण नोकरीतली पहिली फेरी तिथली. तिला करवंटीत लावली. सकाळचं कोवळं ऊन दाखवायचं आणि ऊन चढायच्या आत सावलीत न्यायची, कारण पांढरं पान लगेच करपतं. देवरूखातल्या सख्ख्या मेहुणीच्या घरचं लग्न त्यांनी या देवरूखपायी चुकवलं. मेहुणी अजून बोलत नाही. बरोबरीच्या लिल्या तीन वर्षांत फुलून मोकळ्या झाल्या, ही आपली करवंटीतून कुंडीत आली तरी वीतभरच. मी चिडवायची, "भाऊ, ही गाडी काही सुटायची नाही." ते पाणी घालत राहिले.

यंदा तिने दांडा काढला. भाऊंनी आळीभर सांगितलं. त्यांची एकुलती लेक नंदा दहा महिन्यांची मुलगी घेऊन मुंबईहून आलेलीच होती. कळी उमलली त्या सकाळी आम्ही दहा-बारा जण अंगणात जमलो. पानं खरंच देखणी, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची. आणि फूल? साधं लाल. माझ्या कुंपणाशी कुणी न लावता उगवतं, अगदी तसलंच. लोकांनी चहा घेतला, "छान आहे हो" म्हटलं आणि पांगले. मला भाऊंसाठी फार वाईट वाटलं.

भाऊ मात्र लेक कलेक्टर झाल्यासारखे ताठ उभे होते. "पयल्या पानापासून बगितलाय मी हिला, वयनी. एक दिस चुकलो नाय."

मी म्हटलं, "एखादा दिवस चुकला असता तर काय बिघडलं असतं, भाऊ?"

ते कुंडीकडे बघतच म्हणाले, "नंदा चालाय लागली तवा मी मुक्कामाच्या गाडीवर. पयला दात आला, पयल्यांदा बोलली, तवा पण गाडीवर. घरी आल्यावर सुलभानं सांगितलान तवा मला कळला. लोकांची पोरा माझ्या गाडीत वाडली. माझी कदी वाडली ता मी बगितलाच नाय."

नंदा मुलीला कडेवर घेऊन मागे दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं. थोड्या वेळाने पुढे येऊन म्हणाली, "बाबा, मी रविवारी जात नाही. काम इथून करीन. ही चालायला लागेल तोवर इथंच राहते. तुम्ही बघा तिला."

पाच वर्षं मी ज्याची थट्टा केली तो माणूस माझा शेजारी आहे याचा मला त्या क्षणी अभिमान वाटला, आणि थट्टेची लाजही वाटली.

मग भाऊ वाकले. ज्या कुंडीला त्यांनी कधी कुणाला हात लावू दिला नव्हता ती फुलासकट उचलून कुंपणाच्या कडेला नेऊन ठेवली. मग दुसरी. मग सगळे डबे. दुपारपर्यंत अख्खं अंगण रिकामं झालं, आणि भाऊ उकिडवे बसून जमिनीतला एकेक जांभ्याचा खडा वेचत होते.

"ऱ्हावदे ना बाबा," नंदा म्हणाली.

"पोरीच्या पायाला रुतंल," भाऊ म्हणाले.