व्हॅक्यूमवाले तात्या

सकाळी शाळेला निघालो की शेजारचे बाबूतात्या ओट्यावर तोंडात रबरी नळी धरून बसलेले दिसायचे. राम राम घातला तरी उत्तर नाही. नळीतली हवा ओढायची, नळीच्या तोंडाला जीभ लावून ती अडवायची आणि मनात साठ आकडे मोजायचे, अशी ती परीक्षा. जीभ सुटली की मग म्हणायचे, "राम राम गुरुजी. हवा धरंना ह्यो पडदा."

पडदा म्हणजे जीपच्या इंजिनावरच्या एका डबीतली रबरी चकती. गावच्या कापूस सोसायटीच्या चेअरमनची जीप तात्यांनी वीस वर्षं चालवली. पुढं लागोपाठ दोन वर्षं पाऊस हुकला, कापूस आला नाही, सोसायटीला कुलूप लागलं. जीप मोडीत काढली, तर भंगारवाल्यानंही नाक मुरडलं. चेअरमन म्हणाले, "तात्या, तुमीच न्या." उभी राहून ती बंद पडली होती; तात्यांनी बैलजोडी लावून घरी ओढत आणली.

सोसायटीत असतानाच कुण्या मिस्त्रीनं तिला भलताच डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे इंजिनाला ठिणगी वाटून देणारा भाग, बसवला होता आणि इंजिनाची ओढ त्याला पोचवणाऱ्या व्हॅक्यूमच्या नळीत लाकडाची खुंटी ठोकली होती. गाडी चालायची, पण चढाला गचके द्यायची. तात्यांनी बीडच्या भंगारबाजारात खेटे घालून मूळचा डिस्ट्रिब्यूटर शोधला, पॉइंट घासले, नळ्या बदलल्या. त्या डिस्ट्रिब्यूटरच्या डबीतला रबरी पडदा मात्र फाटका निघाला आणि दुसरा मिळेना.

वायपरही इंजिनाच्या ओढीवर चालणारा. तोही खोलला. टँकरच्या रांगेतल्या बाया हसायच्या.

"तात्या, पाऊस न्हाई अन् काच कावून पुसताव?"

"पावसाचं पाऊस बघंल," तात्या गंभीरपणे म्हणायचे. "आमी आमचं बघताव."

एकदा मी सुचवलं, नवी इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाका, अर्ध्या दिवसाचं काम. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "गुरुजी, जलमाचं जे हाय ते गाडीला द्यावं. मंग ती माणसाला गचका देत न्हाई."

घरात ते एकटेच होते. सोसायटी बंद पडल्यावर त्यांची बायको गयाबाई भावाच्या टोळीबरोबर ऊसतोडीला गेली होती. तात्यांची कंबर धरलेली, त्यांना मोळी उचलवत नव्हती. तिच्याबद्दल ते चकार शब्द काढत नसत. विचारलं की नळी तोंडात धरत.

शिमग्याच्या सुमारास नेकनूरच्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं पेटीत जपलेला पडदा त्यांना देऊन टाकला. जीप सुरू झाली. तात्यांनी बॉनेटवर पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला ठेवला. थेंब सांडला नाही. मग ते पाणी त्यांनी पिऊन टाकलं. वाया घालवायचे दिवस नव्हते.

चैत्रात टोळ्या परतू लागल्या. "चला गुरुजी, पाटोद्याला जाऊन येऊ," तात्या म्हणाले. का, ते सांगितलं नाही.

पाटोद्याला ट्रकमधून गयाबाई उतरली. केसात पाचटाचा भुसा, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. जीप बघून ती क्षणभर थबकली, मग बोचकं मागं टाकून मागंच चढू लागली.

"मागं गुरुजी बसत्याल. तू फुडं ये."

"अवो, लोकं बघत्यात."

"बघू दे. वीस वर्सं लोकांच्या बायका बसवल्या हितं. तू कवा बसलीस?"

ती बसली. दोन्ही हातांनी समोरचा दांडा घट्ट धरून, अंग चोरून. चढ लागला. इंजिनाचा सूर जरा खाली गेला, पण गाडी एकही गचका न देता वर गेली. दांड्यावरचे हात सैल झाले. थोड्या वेळानं तिची मान कलंडली आणि तात्यांच्या खांद्यावर टेकली. दोन दिवस ती ट्रकमध्ये सामानावर बसून आली होती.

आमच्या गावचा फाटा आला आणि गेला.

"तात्या, फाटा मागं राह्यला."

"ठावं हाय," ते हळूच म्हणाले. "आतला रस्ता लई खराब हाय. निजू द्या तिला."

मी तिचं बोचकं मांडीवर घेतलं. जीप तशीच नेकनूरकडं चालत राहिली.