खुशबूची पंगत

सिहोऱ्याच्या त्या मांडवात लग्न टीनाचं होतं, पण जीव टांगणीला लागला होता रीनाचा. रीना लहान मुलांची ऑक्युपेशनल थेरपिस्ट. ज्या मुलांचे हात ऐकत नाहीत, त्यांना बटण लावायला, पेन्सिल धरायला, जेवायला शिकवायचं तिचं काम. गावाच्या लेखी ती ‘खेळवणारी डॉक्टरीण’ होती.

टीनाची भाची खुशबू सहा वर्षांची. तिच्या बोटांना पकड नव्हती, घास तोंडाशी येईतो अर्धा सांडायचा. जूनमध्ये शाळा सुरू होणार आणि तिथं दुपारच्या जेवणाला भरवायला आजी नसणार. म्हणून रीनानं घरात ताकीदच दिली होती, खुशबूला कोणी भरवायचं नाही. आजीनं, पार्वताबाईनं, हे मनाला लावून घेतलं. ही बाई लेकराला उपाशी मारते, असं ती गल्लीभर सांगत सुटली. शेवटी तिनं अट घातली, लग्नात चार लोकांत पोरगी स्वतःच्या हातानं जेवली तर ठीक, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून आपण भरवणार. त्यासाठी रीनाला खास आमंत्रण गेलं.

घोळ घातला तो आजोबांनी. केशवरावांना बुफे मान्य नव्हता. “उभ्यानं खायाले आपन काय बैल आहो?” म्हणून त्यांनी जमिनीवर पंगत बसवली, आणि शेवटच्या माणसाचं झाल्याशिवाय पंगतीतून कोणी उठायचं नाही, हा घरचा रिवाज सगळ्यांना बजावला. वर कौतुकानं नातीला नव्या व्याह्यांच्या, टेकचंदजींच्या, शेजारी बसवलं. दुसऱ्या बाजूला रीना बसली.

पंगतीचं जेवण आटोपलं. खुशबूचा मात्र अर्धा भात पानातच होता. ती जिभेचं टोक बाहेर काढून एकेक घास गोळा करत होती. उठता येईना म्हणून लोक बसून राहिले, आणि बसलेल्याचं रिकामं पान बघून वाढप्यांना राहवेना. टेकचंदजींच्या पानात पुन्हा पुन्हा बुंदी पडू लागली. पानात टाकणं बरं नव्हे म्हणून ते बिचारे खात राहिले. मागे दुसरी पंगत ताटकळत उभी होती. बँडवाले भुकेपोटी वाजवायचे थांबले. वऱ्हाडाच्या बसचा ड्रायव्हर दोनदा डोकावून गेला. कोणीतरी कुजबुजलं, “भरवून टाका ना पोरीले.”

रीनाच्या पायांना मुंग्या आल्या होत्या, आणि सगळ्यांच्या नजरा तिच्यावर होत्या. तिचा धीर सुटला. मागे उभ्या असलेल्या पार्वताबाईला ती हळूच म्हणाली, “आजी, आजच्या दिवस भरवा.”

पार्वताबाईनं पदर खोचला, खाली वाकली. तेवढ्यात खुशबूचा घास न सांडता तोंडात गेला. म्हातारी तशीच थबकली. तिचे डोळे भरून आले.

“काहून भरवू?” ती ताठ होत म्हणाली. “तुमीच सांगतलं ना, कोनी भरवाचं नाही? मंग बसा चुपचाप.”

अखेर शेवटचं शीत गेलं. खुशबूनं बोटं चाटली. आख्ख्या पंगतीनं उठायला हात टेकले.

“आजी,” खुशबू म्हणाली, “मले आखीन भात.”

टेकचंदजींनी तिच्या खरकट्या हाताकडे पाहिलं, मग टेकलेला हात उचलून पुन्हा नीट मांडी घातली.

“वाढ बाबू, पोटभर वाढ तिले,” ते वाढप्याला म्हणाले. “फक्त माह्या पानाकडे पाहू नको.”