दिगंबररावांची काफियावाली इंग्रजी

साहेब ओरडले की कारकून मान खाली घालतो. आमचे हेडक्लार्क दिगंबरराव दाद द्यायचे.

निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस अ‍ॅक्शनला चार-पाच वर्षं झाली होती. औरंगाबादेतल्या आमच्या कचेरीतून उर्दू गेली, इंग्रजी आली आणि तिच्यामागून मद्रासकडचे एक साहेब आले. पहिल्याच आठवड्यात ते दिगंबररावांवर कडाडले, "डोन्ट बीट अबाउट द बुश!"

"वाहवा! मुकर्रर!" दिगंबरराव उभे राहून म्हणाले. मुशायऱ्यात आवडलेला शेर पुन्हा म्हणवून घेतात, तसं. साहेबांना वाटलं, ह्यांना ऐकू आलं नाही. ते आणखी मोठ्यानं ओरडले. दिगंबररावांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं, उर्दू लिपीत.

कपाळाला गंध, अंगात शेरवानी आणि शिक्षण सगळं उर्दूत. पन्नाशीत खात्याची इंग्रजीची परीक्षा आडवी आली. दोनदा आपटले होते. तिसऱ्यांदा आपटले तर हेडक्लार्की जाऊन साधी कारकुनी. मला इंग्रजी येत होती, म्हणून शिकवणी माझ्या गळ्यात पडली. रोज संध्याकाळी शहागंजच्या एका हॉटेलात बसायचो. चहा त्यांचा.

काफिया, म्हणजे यमक, जुळला तरच वाक्प्रचार पाठ करायचा, असा त्यांचा नियम. 'बाय हूक ऑर बाय क्रूक' त्यांनी टेबलावर ताल धरून कव्वालीच्या चालीत म्हटलं. शेजारच्या टेबलानं टाळ्यांची साथ दिली. 'वेअर अँड टेअर' एका घोटात पाठ. काफिया नसेल ते 'बेवजन' म्हणून बाद. 'किक द बकेट'चा अर्थ सांगितला तेव्हा मात्र ते खरंच दुखावले.

"माणूस मेला अन् हे लोक बादली लाथाडतेत? लई बेअदब कौम, मियां!"

परीक्षेच्या दिवशी पहारा माझ्याकडंच होता. हे काही बरं नव्हतं, पण कचेरीत इंग्रजी येणारे दोघंच, आणि दुसरे साहेब.

पहिलाच प्रश्न होता, आपल्या गावी येण्याचं निमंत्रण देणारं पत्र मित्राला लिहा. दिगंबरराव तीन तास तेवढंच लिहीत बसले. वर पुरवणी मागितली. मी दोनदा जवळ जाऊन खाकरलो, "राव, पुढचे प्रश्न." त्यांनी मान वर केली नाही.

घंटा झाली. ते कागदाची घडी घालून शेरवानीच्या खिशात ठेवू लागले.

"राव, पेपर द्या."

"हा देता येत नाय, मियां. टपालात टाकायचाय."

वरच्या ओळीत लिहिलं होतं, डिअर हमीद. हमीद त्यांच्या शाळेतल्या बाकावरचा. पोलीस अ‍ॅक्शननंतर घरदार घेऊन कराचीला गेला आणि जाताना भेटूनसुद्धा गेला नाही, एवढं मी कचेरीत ऐकून होतो.

"नापास व्हाल."

"व्हय."

मला राग आला. दोन महिने घसा कोरडा केला होता मी. "अहो, त्यांना उर्दू येते, तुम्हाला उर्दू येते. घरी बसून कधीही लिहिता आलं असतं की! त्यासाठी हेडक्लार्की घालवायची?"

ते घडीवरून बोट फिरवत राहिले.

"घरी उर्दूतच लिहाया बसतो," ते म्हणाले. "दुसऱ्याच ओळीला शिकायत उतरती. मग फाडून टाकतो. इंग्रजीत मला तेवढं भांडता येत नाय."