तारेतला कागद

"कोबी?" साहेबांनी यादी देवेंद्रकुमारपुढे आपटली. "अख्ख्या धनज गावाने कोबीचं बी मागितलं?"

देवेंद्रकुमारने यादी पुन्हा वरून खाली तपासली. १९७८ साली नागपूरच्या बियाणे कचेरीत संगणक आला, तेव्हा सगळी आखणी कारंज्याच्या या हुशार गड्यानेच केली होती. घरोघर एक जाड कार्ड जायचं. नाव, शेत, बियाणं, सगळं त्यावर छिद्रांनी नोंदलेलं. शेतकऱ्याने अंगठा उठवून परत दिलं की यंत्र छिद्रं वाचून यादी काढणार. बेत फक्कड होता. कार्ड ज्यांच्या हाती पडणार त्यांना तेवढं कोणी विचारलं नव्हतं.

"पेरणीला महिना आहे. ज्वारी वेळेत पोहोचली नाही, तर संगणक बंद आणि तुम्ही घरी," साहेब म्हणाले.

एसटीने तो धनजला आला आणि पहिल्याच घरात, गोमतीबाईंकडे शिरला.

"मावशी, तुमाले कोबी कायले पायजे?"

"मी तं जवारीच सांगतली होती, बापू."

"मंग कार्डाले काय केलं?"

"काय करीन? जपून ठेवलं." त्यांनी खुंटीला टांगलेली तार दाखवली. लग्नपत्रिका, सातबारा, दवाखान्याची चिठ्ठी, सगळे कागद मधोमध भोसकून ओवलेले. "कामाचा कागद तारेतच राह्यते. साऱ्या गावात तसंच हाय. मागतलं तवा काढून देल्लं."

देवेंद्रकुमारने कपाळावर हात मारला. कार्डाच्या मधोमधच बियाण्याचा रकाना होता. गावाने आदराने पाडलेलं भोक यंत्राने इमानदारीत कोबी म्हणून वाचलं होतं.

"तारेत ओवू नका, असं छापतो आता."

"छाप. वाचनार कोन?" गोमतीबाई शांतपणे म्हणाल्या. "त्यापक्षा तूच कोपऱ्यात एक भोक पाडून दे ना. आमी तिथूनच ओवू."

यंत्र कोपरा वाचतच नव्हतं. एवढी साधी गोष्ट आपल्याला का सुचली नाही, म्हणून तो स्वतःवरच चिडला. मग दोन दिवस त्यांच्या अंगणात बसून त्याने कोरी कार्डं ओवून घेतली. पहिल्या भोकात तार शिरेना, दुसऱ्याचा कोपरा फाटला. तिसरं पाहून गोमतीबाई म्हणाल्या, "हं, आता जमलं."

नवी कार्डं बिनचूक वाचली गेली. पेरणीच्या चार दिवस आधी ज्वारी गावात पोहोचली. साहेबांनी पाठ थोपटली, तेव्हा ही अक्कल कोणाची ते देवेंद्रकुमारने खरं खरं सांगून टाकलं. नोकरी वाचली होती ती त्या बाईमुळे, आणि हे उपकार तो जन्मभर विसरणार नव्हता. साहेबांनी गोमतीबाईंच्या नावाने सहीशिक्क्याचं आभारपत्र दिलं. त्याने ते हौसेने काचेच्या फ्रेममध्ये बसवलं आणि स्वतः नेऊन दिलं.

गोमतीबाईंनी ते त्याच्याकडून दोनदा वाचून घेतलं, पदराने डोळे टिपले. मग फ्रेम पालथी घातली, खिळे उपसले, पत्र बाहेर काढलं आणि तारेत ओवलं. मधोमध, साहेबांच्या सहीतून.

देवेंद्रकुमारने रिकामी फ्रेम उचलून पुढे केली.

"काचेत कायले, बापू?" त्या म्हणाल्या. "कामाचा कागद हाय हा."