रंगरावाचा ताठ कान

एका जंगलात एक फोटो स्टुडिओ होता. बाळांनो, जंगलात वीज कुठून आली, कॅमेरा कुणी आणला, असले प्रश्न असतील तर ते आत्ताच विचारून घ्या. विचारले? उत्तर मिळालं नाही ना? मग आता गप्प बसून ऐका.

स्टुडिओ अंताजी साळिंदराचा होता. जांभळाच्या ढोलीत पुढे एक बाकडं, मागे निळा पडदा आणि कोपऱ्यात कॉम्प्युटर. कॉम्प्युटरवर फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर होतं. ते अंताजीने तरुणपणी एकदाच विकत घेतलं होतं आणि त्यानंतर त्याचं मोल पुन्हा मागायला कुणी आलं नव्हतं. त्या सॉफ्टवेअरला चारच कामं यायची. फोटो उजळ करणं, कापून मोठा करणं, वळवणं आणि डाग पुसणं. प्रत्येक कामाआधी ते विचारायचं, "नक्की ना?" हो म्हटल्याशिवाय जागचं हलायचं नाही. डोक्याला ताप नुसता. पण अंताजीला त्याची सवय झाली होती.

तेवढ्यावर जंगलाचं भागत होतं. अस्वलाच्या दाताला मध लागलेला असला तर तो पुसायचा. रानडुकराच्या नाकावरचा चिखल मात्र अंताजी विचारून पुसायचा, कारण काही डुकरांना तो हवा असतो.

एके दिवशी स्टुडिओत तुळसाबाई चितळीण आली. तिचा नवरा रंगराव हा अंताजीचा जुना दोस्त. दहा महिन्यांपूर्वी त्याला वाघाने खाल्लं होतं. मी असं सरळ सांगितलं म्हणून तोंडं वाकडी करू नका. जंगलात हे असंच सांगतात. तेव्हा तुळसाबाईला दिवस गेले होते. पुढे पाडस झालं, त्याचं नाव भिवा ठेवलं.

आता रंगरावाचं वर्षश्राद्ध दोन महिन्यांवर आलं होतं. चितळांच्या कळपात वर्षश्राद्धाला चौरंगावर फोटो ठेवतात, हार घालतात आणि मग जेवतात. फोटो नसेल तर पंगत बसत नाही, असा ठरावच आहे. आणि रंगरावाचा साऱ्या जगात एकच फोटो होता. पाणवठ्याच्या उद्घाटनाला अंताजीनेच तो काढला होता. त्यात पुढे मानकरी, फीत, कात्री, आणि अगदी टोकाला, सांबराच्या ढुंगणामागे, रंगराव. चेहरा बोराच्या बीएवढा. त्यातही पठ्ठ्याने ऐन वेळी मान हलवली होती.

पण होता तो रंगरावच. अंगभर ठिपके आणि डावा कान पडलेला. हा कान जन्मापासूनचाच तसा. उजवा कान जंगलाची चाहूल घेत उभा असायचा आणि डावा आपला दुपारची झोप काढत असायचा.

"भाऊजी, मला फार काही नको," तुळसाबाई म्हणाली. "भिवाने बाप बघितलेला नाही. त्याला दाखवता येईल एवढा मोठा करून द्या."

अंताजीने चार दिवस खटपट केली. मोठा केला की फोटो फुटायचा. रंगरावाच्या जागी ज्वारी सांडल्यासारखं काहीतरी दिसायचं. सॉफ्टवेअर विचारायचं, नक्की ना? अंताजी म्हणायचा, हो बाबा. आणि पुन्हा ज्वारी.

पाचव्या दिवशी कोल्हा आला. हो, कोल्हाच. विकायचं काम गोष्टीत दुसऱ्या कुणी केलेलं तुम्ही ऐकलंय का? त्याच्याकडे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती होती. फुटलेला फोटो जुळवते, अर्धा चेहरा पुरा करते, आणि उगाच प्रश्न विचारत नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

खात्री पटावी म्हणून त्याने अंताजीचाच फोटो काढला आणि एक बटण दाबलं. नव्या आवृत्तीला अंताजीचे काटे म्हणजे विस्कटलेले केस वाटले. तिने ते काढून टाकले. पडद्यावर एक गुळगुळीत, गोबऱ्या गालांचा, घुशीसारखा दिसणारा सद्गृहस्थ आला. अंताजी त्याच्याकडे बघत राहिला. त्याची बायको सगुणाबाई ज्वारीच्या पिठाचे हात घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, लग्नात असे दिसला असता तर माझ्या माहेरच्यांनी एवढं अंतर ठेवून अक्षता टाकल्या नसत्या.

बाळांनो, खरं म्हणजे गोष्ट इथेच संपायला हवी होती. ज्या यंत्राला साळिंदराचे काटे कळत नाहीत, त्याच्या हाती दुसऱ्या कुणाचा चेहरा द्यायचा का, एवढाच विचार करायचा होता. पण अंताजी त्या फोटोत बरा दिसत होता. बरं दिसलं की विचार करायला कुणाला सवड असते?

किंमत होती वर्षाला आठ टोपल्या कंद. एकदा नाही, दरवर्षी. सात दिवस फुकट वापरून बघता यायचं, पण फुकटातल्या प्रत्येक फोटोवर, नेमकी चेहऱ्यावरून, कोल्ह्याची शेपटी छापून यायची. वर्षश्राद्धाच्या चौरंगावर शेपटीवाला फोटो कसा ठेवणार?

अंताजी सल्ला विचारत फिरला. कासव म्हणालं, थोडा थांब, शंभरेक वर्षांत भाव उतरतील. माकड म्हणालं, विकत कशाला घेतोस, मी फुकट टाकून देतो. पण माकडाने ज्यांच्या ज्यांच्याकडे टाकून दिलं होतं, त्यांचे कॉम्प्युटर खाजवायला लागले होते. सगुणाबाईला विचारलं तर तिने सांगितलं की आठ टोपल्यांत आपला उन्हाळा निघतो. मग तीच म्हणाली, पण ते पोर बापाचं तोंड कुठे बघणार?

अंताजीने त्याच दुपारी आठ टोपल्या कोल्ह्याच्या दारात नेऊन ठेवल्या. दोस्तासाठी केलं हो. त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं, हे मी त्याच्या बाजूने सांगून ठेवतो.

घरी येऊन त्याने पाणवठ्याचा फोटो नव्या आवृत्तीत उघडला आणि बटण दाबलं. तिने आधी सांबर काढलं. मग ज्वारी वेचून चेहरा जुळवला. अंगावर एवढे डाग बघून तिने ते सगळे पुसले. शेवटी तिला एक कान खाली आलेला दिसला. ही चूक आहे असं समजून तिने तो ताठ केला. काम झाल्यावर तिने हा नवा फोटो जुन्याच्या जागी ठेवून दिला. नक्की ना, असं काही विचारलं नाही. हीच तर नवी सोय होती.

अंताजीने बघितलं. पडद्यावर एक राजबिंडं, कोऱ्या अंगाचं जनावर उभं होतं. चितळ म्हणावं तर ठिपका नाही, बकरी म्हणावं तर शिंगं मोठी. तो जुना फोटो शोधायला गेला, पण जुना फोटो आता कुठेच नव्हता. कोल्ह्याला विचारलं तर तो म्हणाला, सुधारलेलं कुणी परत बिघडवून मागतं का?

तुळसाबाई फोटो न्यायला आली. तिने फोटो हातात घेतला. बराच वेळ बघितला.

"भाऊजी," ती म्हणाली, "कान?"

आता अंताजीने सांगायला हवं होतं की वहिनी, घात झाला. त्याने काय सांगितलं?

"नव्यात असंच येतं, वहिनी."

वर्षश्राद्धाला सारा कळप जमला. फोटो चौरंगावर ठेवला, हार घातला. फोटो बघून सगळे खूश झाले. एवढा देखणा होता हे जिवंतपणी लक्षातच आलं नाही, असं म्हाताऱ्या चितळांनी बोलून दाखवलं. प्रमुख पाहुणे म्हणून वाघमहाराज आले होते. तसा रिवाज आहे. त्या दिवशी ते फक्त खीर खातात, आमंत्रणपत्रिकेत तसं छापलेलं असतं.

वाघाने फोटोकडे बघितलं. जवळ जाऊन पुन्हा बघितलं.

"हा तो नव्हे," वाघ म्हणाला. "त्याचा डावा कान पडलेला होता."

कोल्हा लगेच पुढे झाला आणि गवतातून बघताना महाराजांना तसं वाटलं असेल, असं त्याने समजावून सांगितलं.

"चार दिवस बघत होतो मी त्याला," वाघ म्हणाला. "पाणी पिताना तो कान पाण्याला लागायचा. मानेवर सात ठिपके होते. इथे एक नाही."

कळपाच्या म्होरक्याने नम्रपणे सांगितलं की महाराज, कान ताठच होता. दुसऱ्यानेही तेच सांगितलं. तिसऱ्याने तर रंगरावाच्या ताठ कानाची एक आठवणही सांगितली. अंताजी कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. तुळसाबाई वाढत होती. तिचा हात जरा थांबला, मग तिने वाघाच्या पानात आणखी खीर वाढली.

"बरं," वाघ म्हणाला. "तुमच्यातला होता, तुम्हालाच ठाऊक."

पुढच्या वर्षी अंताजीने पुन्हा आठ टोपल्या भरल्या. त्याच्या पुढच्या वर्षी कंद झाले नाहीत. वर्गणी थांबली त्या दिवशी नवी आवृत्ती बंद पडली आणि तिच्यात केलेले सगळे फोटो कुलपात गेले. रंगराव चौरंगापुरता तेवढा छापील उरला. अंताजी पुन्हा आपल्या जुन्या सॉफ्टवेअरवर आला. गिऱ्हाइकं कमी झाली. लोकांना आता आपल्या चेहऱ्याची सवय राहिली नव्हती.

इकडे भिवा मोठा होत होता. अंगभर ठिपके आणि डावा कान पडलेला. कळपात जो तो त्याच्याकडे बघून चुकचुकायचा. बाप केवढा रुबाबदार, पोर कुणावर गेलं कोण जाणे. पोरं त्याला चिडवायची. तो घरी येऊन फोटोसमोर उभा राहायचा आणि कान वर करून बघायचा. कान काही राहायचा नाही. तुळसाबाई त्याला जवळ घेऊन सांगायची की तू अगदी बाबांवर गेलायस, पण भिवाला वाटायचं आई समजूत काढतेय. समोर भिंतीवर पुरावा होता ना.

एके दुपारी तो एकटाच स्टुडिओत आला.

"काका, माझा फोटो काढा," तो म्हणाला. "ठिपके पुसा आणि कान सरळ करा. आईला द्यायचाय. तिला बाबांची आठवण येते, आणि मी त्यांच्यासारखा दिसत नाही."

अंताजीने त्याला निळ्या पडद्यासमोर उभं केलं. कॅमेऱ्यातून बघितलं. भिवाने ऐन वेळी मान हलवली. पुन्हा काढावा लागला.

मग अंताजी कॉम्प्युटरपुढे बसला. कान सरळ करणं जुन्या सॉफ्टवेअरला येत नव्हतं, पण डाग पुसता येत होते. त्याने ते काम निवडलं. सॉफ्टवेअरने विचारलं, "नक्की ना?"

अंताजीने तो प्रश्न पुन्हा पुन्हा वाचला. आयुष्यभर त्याने ह्या प्रश्नाला शिव्या दिल्या होत्या. त्याने 'नको' दाबलं, फोटो होता तसा छापला आणि भिवाला सांगितलं, आईला घेऊन ये.

तुळसाबाई आली. फोटो दोरीला वाळत लावला होता. ती दारातच थांबली.

"भाऊजी," ती म्हणाली, "हा ह्यांचा फोटो तुम्ही एवढे दिवस कुठे ठेवला होता?"

"आई, तो मी आहे," भिवा म्हणाला.

तुळसाबाईने फोटोकडे बघितलं, मग भिवाकडे. आणि बाकड्यावर बसून ती रडायला लागली. वर्षश्राद्धाला ती रडली नव्हती. त्या ताठ कानाच्या परक्यासमोर तिला रडूच आलं नव्हतं. भिवा घाबरून तिच्याजवळ गेला, तेव्हा तिने त्याचा पडलेला कान हातात घेतला आणि सोडला नाही.

"चुकलं माझं, वहिनी," अंताजी म्हणाला. हे वाक्य त्याने तीन वर्षं तोंडात धरून ठेवलं होतं.

तुळसाबाई उठली आणि जाताना फोटो घेऊन गेली.

तो फोटो आता तिच्या घरात भिंतीवर आहे. चौरंगावर अजूनही तोच जुना, म्हणजे नवा, ठेवतात. जिवंत पोराच्या फोटोला हार घालता येत नाही, आणि रंगरावाचा दुसरा फोटो जगात नाही. कळप दरवर्षी येतो, ताठ कानाचं कौतुक करतो आणि जेवून जातो. वाघ येतो, फोटोकडे बघतो, नकारार्थी मान हलवतो आणि खीर खातो.

तात्पर्य : आपण गेल्यावर आपला चेहरा कुणाच्या तरी नीट लक्षात राहावा असं वाटत असेल, तर आपल्याला चार दिवस एकटक बघणारा एखादा वाघ गाठून ठेवावा. आप्तेष्टांच्या भरवशावर असाल, तर वर्गणी वेळेवर भरावी.