चिठ्ठी लावू नको

डोंगरे सर माणसांची नावं हमखास विसरतात, पण यकृत समोर आलं की लगेच ओळखतात, तेही नुसत्या रेघांवरून.

नागपूरच्या आमच्या प्रयोगशाळेत आम्ही वेगवेगळ्या अवयवांतली प्रथिनं ताडून पाहतो. नमुन्यातली प्रथिनं जेलीच्या पातळ पापुद्र्यात पसरवून रंगवली की निळ्या रेघा उमटतात, प्रत्येक अवयवाच्या निराळ्या. बाकी सगळे या रेघा संगणकावर मोजतात. सर पापुद्रा खिडकीच्या उजेडात धरतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, "चिठ्ठी लावू नको वं. मी सांगतो."

नव्या मुलांना त्यांचं एकच व्याख्यान असतं. "पेशी कोनतीबी घे, सामान तेच. यकृतानं पाटोडी रस्सा केला, मेंदूनं वरणभात. कोनं काय रांधलं, ते पाहाचं." जेवणाच्या सुट्टीतही हे थांबत नाही. माझ्या डब्यात डोकावून "तुयी सासू आली वाटते" म्हणतात, आणि ती आलेली असते.

हृदयाचं कौतुक मात्र त्यांना अजिबात खपत नाही. "लोकायनं उगाच डोक्यावर बसवलं त्याले. मांडीचंच मांस हाय, फकत सुट्टी भेटत नाही."

गेल्या महिन्यात काकूंच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या, हृदयाचं ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी सर कामावर हजर. घरी थांबायचं होतं, असं मी म्हटलं, तर म्हणाले, "तुयी काकूच म्हने, जा, घरी येरझारा नको घालू."

त्यांचं मन रमावं म्हणून मी सकाळचा पापुद्रा पुढे केला, अर्थात चिठ्ठीविना. यकृत, मूत्रपिंड, मेंदू त्यांनी धडाधड सांगितले. चौथ्या रांगेवर बोट थांबलं.

"मांडी," सर म्हणाले.

ते हृदय होतं. सर कधी चुकलेले मी पाहिले नव्हते. मी म्हटलं, "बरोबर, सर."

चष्मा कपाळावरून खाली आला. "खोटं काहून बोलून राहिली वं? हृदयच हाय थे. मले आज त्याचं नाव घेनं होत नाही."

इतकी वर्षं हृदयाला नावं ठेवणारा हा माणूस त्याला किती घाबरून होता.

त्यांनी पापुद्रा माझ्या हातात दिला. "फ्रीजमधी ठेव. तुयी काकू घरी आली का मंग वाचीन."

मी तो पाण्याच्या डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवला. चिठ्ठी लावली नाही.